मुखवट्यामागचा माणूस



जपान म्हटले की आपल्या मंडळींना विहार आणि बुद्धमूर्ती आठवतात. आज आम्ही तेथल्या रंगमंचाविषयी लिहीत आहोत. ‘नो’ नावाचे नाट्य तेथे सहाशे वर्षांपासून चालू आहे. त्यातला मुख्य नट पुष्कळदा लाकडी मुखवटा लावून येतो.

हिनोकी नावाच्या सुवासिक लाकडात हा मुखवटा कोरतात आणि त्यावर शिंपल्यांच्या भुकटीचा रंग थरावर थर चढवतात. आकाराने तो चेहऱ्यापेक्षा लहान. नटाची हनुवटी खालून दिसते आणि ती कोणी लपवीतही नाही. डोळ्यांची भोके इतकी बारीक की मंचाच्या खांबांवरून नटाला आपली जागा ओळखावी लागते. तरुणीच्या मुखवट्यावर धड हसू नसते, धड रडूही नसते. मान जरा वर केली की उजेड पडून तोच चेहरा हसरा वाटतो, खाली झुकवली की झाकोळतो. सुडाने पेटलेल्या शिंगवाल्या स्त्रीच्या मुखवट्याला ‘हान्या’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपल्या ‘प्रज्ञा’चेच जपानी रूप! असे नाव का पडले? तो प्रथम कोरणाऱ्या भिक्खूचे ते नाव होते, असे सांगतात.

पण आम्हांला ओढ मुखवट्यामागच्या माणसाची. त्या काळी हे खेळ करणाऱ्यांना समाजात अगदी खालची जागा होती. १३७४ च्या सुमारास क्योतो येथे कानआमी नावाच्या नटाने तरुण शोगुन योशिमित्सू याच्यासमोर ‘ओकिना’ सादर केला. ओकिना म्हणजे वृद्धाच्या रूपातला देव. यात नट मुखवटा पडद्याआड लावीत नाही, सर्वांदेखत मंचावर लावतो. ज्याला कोणी जवळ बसवून घेतले नसते, तो सरदारांच्या डोळ्यांदेखत देव होतो!

शोगुन प्रसन्न झाला. १३७८ च्या गिओन उत्सवात त्याने कानआमीच्या पोराला, झेआमीला, आपल्या शेजारी बसवले. ते एका दरबाऱ्याला खुपले. हा तर भिकाऱ्यांचा धंदा, असे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले. हे वाचून आम्ही थोडे थांबलो. आपल्याकडेही ज्यांची ढोलकी ऐकायला वाडे जमत, त्यांनाच पाणी वरून ओतून दिले जाई.

झेआमी मात्र नुसता नाचला नाही. त्याने लेखणी धरली. नटाच्या कलेवर सुमारे वीस ग्रंथ लिहिले. पहिल्या ग्रंथात तो लहान मुलांविषयी जे सांगतो ते आमच्या घरोघरच्या आईबापांनी वाचावे. सातव्या वर्षी शिक्षण सुरू करावे, पण पोर आपखुशीने जे करते ते करू द्यावे. हे चूक, ते बरोबर असे सारखे टोचले तर त्याची उमेद जाते. (आम्ही स्वतः गणिताच्या वहीवरून मुलावर किती ओरडलो, ते येथे लिहीत नाही.)

पुढे शोगुन बदलला, मर्जी फिरली. १४३४ साली, सत्तरी ओलांडलेल्या झेआमीला सादो बेटावर हद्दपार केले. त्याचे ग्रंथ नटांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गुप्त राहिले. १९०९ साली ते छापले गेले, तेव्हा कोठे साऱ्या जपानला कळले की त्या ‘भिकाऱ्या’ने काय लिहून ठेवले आहे.