गॅनिमीडच्या दारात

जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) या कादंबरीत प्रेमभंगाने खचलेल्या मॅरिअनसाठी मिसेस जेनिंग्ज कॉन्स्टन्शिया वाइनचा पेला आणतात, आणि तो पिते एलिनॉर. तिचेही दुःख त्याच जातीचे आहे, फक्त ते मिसेस जेनिंग्जना ठाऊक नाही. हा प्रसंग शिकवताना आपण एलिनॉरच्या संयमाबद्दल बोलतो. पेल्यातले मद्य कोठून आले, हे तळटीपेवर सोडून देतो.

ते आले होते केप टाउनजवळून. टेबल माउंटनच्या पाठीमागच्या उतारांवर, जेथे फॉल्स बेचे खारे वारे पोहोचतात, तेथे डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधील प्रमुख सिमोन फान डेर स्टेल याला १६८५ मध्ये जमीन मिळाली. पुढे तेथील गोड वाइनने युरोपला वेड लावले. सेंट हेलेनावर बंदिवासात असलेल्या नेपोलियनसाठी ती जात असे. बोदलेअरने १८५७ च्या आपल्या संग्रहात एका श्यामवर्णी स्त्रीचे ओठ या वाइनहून श्रेष्ठ ठरवले. (वाइन विकणाऱ्यांना तेवढीही प्रशंसा पुरते.)

आज ग्रूट कॉन्स्टन्शियाला जाणारा साहित्याचा वाचक हीच नावे मनात घेऊन जातो. माझ्या मते ही यात्रा अर्धवट आहे, आणि त्याला आपले वाचनच जबाबदार आहे.

तेथे १७९१ मधले क्लूटे घराण्याचे वाइनकोठार आहे. त्याच्या दर्शनी त्रिकोणी भागावर, आंतोन आनरीथचे म्हणून सांगितले जाणारे, गॅनिमीडचे उठावशिल्प आहे. ग्रीक पुराणकथेतला हा मुलगा झ्यूसने गरुडाकरवी पळवून नेला आणि देवांना मद्य वाढण्याच्या कामी लावला. घरापासून तोडून चाकरीला जुंपलेल्या मुलाचे हे शिल्प त्या दारावर बसवताना मालकांना काही खटकले असेल, असे दिसत नाही. कारण त्याच दारातून गुलाम ये-जा करीत होते. केपच्या कागदपत्रांत अशा माणसांची नावे ‘फान बेंगालेन’, ‘फान मलाबार’ अशी येतात: बंगालचा, मलबारचा. आडनाव म्हणून फक्त हरवलेला किनारा. खुद्द फान डेर स्टेलची आजी मोनिका ही मुक्त झालेली भारतीय गुलाम स्त्री होती.

ऑस्टिनवर हा आरोप नाही. तिची कादंबरी आली तेव्हा केप ब्रिटनच्या ताब्यात होते, गुलामांच्या व्यापारावरील १८०७ च्या बंदीला चार वर्षे झाली होती, तरी गुलाम मालकांकडेच होते. १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली तीच माणसे १८३८ पर्यंत बांधलेली राहिली.

त्यानंतरही केपच्या अनेक मळ्यांवर मजुरीचा एक हिस्सा हलक्या वाइनच्या रूपाने दिला जाई. विसाव्या शतकातही ही प्रथा टिकून होती. तिला ‘डॉप’ म्हणत. दिवसातून अनेकदा, टिनच्या भांड्यातून.