रेशन कार्ड आहे, मग धान्य का नाही? उत्तर 1942 च्या युद्धात आणि 2011 च्या जनगणनेत

धुळ्यात पांझरेपलीकडचं देवपूर असो की जळगाव, केशरी कार्ड असलेल्या अनेक घरांचा प्रश्न एकच असतो: कार्ड आहे, मग धान्य का मिळत नाही?

रेशन आलं कुठून?

दुसऱ्या महायुद्धातून. मार्च 1942 मध्ये जपानने रंगून घेतलं, पाठोपाठ ब्रह्मदेश ताब्यात गेला. तिथून मुंबईला येणारा तांदूळ थांबला, भाव भडकले. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने सुचवलं की, लाखावर वस्तीच्या शहरांत माणशी रोज एक पौंड धान्य द्यावं. (तेव्हाचं धुळे एवढं मोठं नव्हतं.)

एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम, महिन्याला साडेतेरा किलो. आज प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो मिळतं. ही तुलना थोडी अन्यायाची आहे. तेव्हा पैसे मोजावे लागत. 2023 पासून हे धान्य मोफत आहे आणि बाजारातही माल आहे. खरा फरक दुसराच. तेव्हा रेशनिंग शहरातल्या सगळ्यांसाठी होतं, शेठजी असो वा गिरणी कामगार. आज ते ठरावीक संख्येपुरतं आहे.

ही संख्या कुणी ठरवली?

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या 76.32 टक्के आणि शहरी भागातल्या 45.34 टक्के लोकांना लाभ, तोही 2011 च्या लोकसंख्येवर. राज्याची मर्यादा सुमारे 7 कोटी. देवपूर महापालिका हद्दीत, म्हणजे शहरी. तेव्हापासून कॉलन्या वाढल्या, कोटा तोच राहिला. त्यामुळे सुनेचं किंवा बाळाचं नाव कार्डावर चढतं, पण धान्य जागा असेल तरच मिळतं.

मग ई-केवायसी कशासाठी?

मृत, दुबार आणि अपात्र नावं वगळली की जागा मोकळी होते. हेतू चांगला आहे. पण सुरतला कामाला गेलेल्या मुलाने अंगठा दिला नाही, तर तो पात्र असूनही त्याचं धान्य अडकू शकतं. त्यासाठी गावी यायची गरज नाही. तिथल्याच रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा देता येतो किंवा ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहरा दाखवून काम होतं.

पुढची जनगणना 2027 मध्ये आहे. तिचे आकडे येऊन कोटा बदलेपर्यंत नवं नाव आत यायचं, तर जुनं कुठलं तरी बाहेर पडावं लागेल.