अमेरिकेत ‘फक्त मेरिट’ चालते म्हणणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलींची गर्दी होते. कुणाला बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म भरायचा असतो, कुणाला जीएनएमचा. कुणाची जात पडताळणी अडलेली असते, कुणाचा उत्पन्नाचा दाखला मिळालेला नसतो. हे कागद मार्गी लावण्याचे काम आम्ही काही कार्यकर्ते मिळून करतो. आणि नेमका याच दिवसांत एक मेसेज दरवर्षी मोबाइलवर फिरतो : ‘अमेरिकेत आरक्षण नाही, तिथे फक्त मेरिट, म्हणून तो देश पुढे गेला.’ यंदा हा मेसेज एका मुलीनेच आम्हाला दाखवला आणि हळूच विचारले, “ताई, मी खरंच कुणाची तरी जागा घेतेय का?”

सीईटी देऊन पात्र ठरलेल्या मुलीला हा प्रश्न पडावा, यातच या मेसेजचे काम झालेले असते. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. तुम्ही अमेरिकेचे उदाहरण देता ना? मग अमेरिकेचेच घेऊ, आणि नर्सिंगचेच घेऊ.

कॅलिफोर्निया राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. ही सार्वजनिक पैशावर चालणारी कॉलेजे. इतर विद्यापीठांसारखी चाळणी न लावता ती सर्वांना प्रवेश देतात. स्थानिक रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर फी. त्यामुळे तिथे येतात ती कामगारांची मुले, स्थलांतरित, मुलांना एकटीने वाढवणाऱ्या आया, चाळिशीत पुन्हा शिकायला बसणारी माणसे. पण याच कॉलेजांत नर्सिंगचे दार मात्र अरुंद आहे. शिकवणाऱ्या अध्यापकांची संख्या मर्यादित, प्रत्यक्ष शिक्षणासाठी हॉस्पिटलांत मिळणाऱ्या जागा मर्यादित, आणि अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे प्रश्न आपल्यासारखाच : जागा थोड्या, पात्र विद्यार्थी पुष्कळ, निवडायचे कोणाला?

तिथे आधी पात्रता ठरते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी ठरलेल्या ग्रेडने पूर्ण करावे लागतात. ‘टीज’ नावाची परीक्षा असते, तिच्यात ६२ टक्के मिळवावे लागतात. ही रेषा ओलांडली की विद्यार्थी पात्र.

आणि त्यानंतर? मेरिटवाल्यांनो, इथे जरा लक्ष द्या. काही कॉलेजे पात्र विद्यार्थ्यांच्या नावांची सोडत काढतात. होय, सोडत! ९० टक्केवाला आणि ६५ टक्केवाला एकाच डब्यात. ज्या कॉलेजांना सोडत नको, त्यांच्यासाठी राज्याने २००७ मध्ये कायदा करून अनेक निकषांची पद्धत आणली. त्यात ग्रेड आणि परीक्षेचे गुण आहेतच. पण कामाचा किंवा सेवेचा अनुभव आहे. इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येते का, हे आहे. आणि ‘जीवनानुभव व विशेष परिस्थिती’ हाही निकष आहे. घरचे उत्पन्न कमी, कुटुंबातून कॉलेजात जाणारी पहिली पिढी, शिकताना नोकरी करण्याची गरज, अपंगत्व, निर्वासित असणे, सामाजिक किंवा शैक्षणिकदृष्ट्या वंचित वातावरण : या सगळ्याचे वजन धरता येते, असे कायदाच सांगतो.

याचा अर्थ सरळ आहे. पात्रतेची रेषा ओलांडल्यावर वरच्या दहावीस गुणांवरून चांगली नर्स ओळखता येत नाही. ते गुण बऱ्याचदा सांगतात की कुणाच्या घरात अभ्यासाला टेबल होते आणि कुणाला रात्री काम करून सकाळी वर्गात बसावे लागले. आम्ही इथे हेच म्हणतो तेव्हा ‘लायकी नसलेल्यांचे लाड’ होतात. कॅलिफोर्नियाने कायद्यात लिहिले की ती प्रगती होते!

मग रुग्णाचे काय? ‘आरक्षणाच्या नर्सकडून इंजेक्शन घ्याल का?’ असे चेष्टेने विचारले जाते. तर ऐका. तिथे सोडतीतून आलेली असो की सर्वाधिक ग्रेडची, नर्स म्हणून परवाना मिळवायला सगळ्यांना एकच परीक्षा पास करावी लागते : एनसीएलईएक्स. कम्युनिटी कॉलेजची पदवी आणि चार वर्षांची विद्यापीठाची पदवी, दोघांनाही तीच परीक्षा. आणि इथे? बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी मिळून खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. हा पाच टक्क्यांचा फरक फक्त दारापाशी आहे. आत गेल्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पेपर जात विचारत नाही. पास व्हायला सगळ्यांना तेवढेच गुण. वॉर्डात उभी राहते ती पास झालेली नर्स.

खासगी कॉलेजांतल्या व्यवस्थापन कोट्याबद्दल मात्र असा मेसेज आम्ही कधी पाहिला नाही. तिथे कमी गुणांना पैशाचा आधार मिळतो, पण त्या नर्सकडून इंजेक्शन घ्यायला कुणाची हरकत नसते. म्हणजे हरकत गुणांना नाही, जातीला आहे.

कॅलिफोर्निया म्हणजे स्वर्ग, असे आमचे म्हणणे नाही. तिथल्या मतदारांनी १९९६ मध्ये ‘प्रपोझिशन २०९’ मंजूर करून सरकारी शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर प्रवेशातील वंशाधारित विचाराला जवळपास कुलूप लावले. थेट रस्ता बंद असल्यावर गरिबी, पहिली पिढी अशा आडवाटेने जावे लागते. म्हणून आमच्यातल्याही कुणी ‘मग इथेही जात सोडा, परिस्थिती पाहा’ या सापळ्यात पाय टाकू नये. गरिबी एखाद्या पिढीत संपू शकते. आमच्या आज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले ते त्या गरीब होत्या म्हणून नव्हे. राज्यघटनेने दिलेले आरक्षण हा आमचा हक्क आहे. बाकीचे निकष त्याच्या जागी नकोत, त्याच्या जोडीला हवेत.

जोडीला काय हवे, तेही सांगतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, नंदुरबारमध्ये भिली बोलणारी मुलगी नर्सिंगला येते, तेव्हा तिच्या भाषेला एकही गुण मिळत नाही. बाळंतिणीला कुठे दुखते ते तिच्याच भाषेत विचारता येणे ही गुणवत्ता नाही? आशाताई म्हणून वर्षानुवर्षे गरोदर बायांना दवाखान्यात पोहोचवणाऱ्या बाईला किंवा आजारी आजीची शुश्रूषा करत बारावी झालेल्या मुलीला गुणवत्ता यादीत त्याबद्दल काय मिळते? शून्य. तिथे भाषेला आणि सेवेला वजन मिळते, मग इथे का नाही? नर्सिंगच्या प्रवेशात या दोन निकषांचा समावेश करा, ही मागणी आपण आता लावून धरली पाहिजे.

आणि रुग्णसेवेची लायकी आम्हाला कुणी शिकवू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना ज्यांनी प्राण दिला, त्या सावित्रीमाईंच्या लेकी आहोत आम्ही. विटाळाच्या भीतीने बाळंतिणीचे रक्त ज्यांच्या हातांवर सोपवले गेले, त्या सुईणी कोणत्या वाड्या-वस्त्यांतल्या होत्या, हे गावाला ठाऊक आहे. काम विटाळाचे होते तोवर ते आमचे. त्याला पगार, पदवी आणि परदेशाचा व्हिसा मिळू लागल्यावर मेरिट आठवले!

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले : बाई, तू कुणाची जागा घेत नाहीस. तुझी जागा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने अडवून ठेवली होती. तू पात्र आहेस. फॉर्म भर, पडताळणीच्या पावतीची झेरॉक्स जपून ठेव, आणि तो मेसेज पाठवणाऱ्याला हा लेख पाठव.

जय भीम!