स्कॉटलंड विकले कुणी?

गिरणी कामगार बंधूंनो,

ब्रिटनच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा मुलूख आहे. त्याची स्वतःची पार्लमेंट होती. १६ जानेवारी १७०७ रोजी ह्याच पार्लमेंटने ११० मते टाकून इंग्लंडशी एकीकरणाचा तह मंजूर केला आणि आपल्याच दाराला कुलूप ठोकले. त्या सुमारास इंग्रजांच्या खजिन्यातून २०,००० पौंड आले नि एडिंबरोच्या बड्या धेंडांत वाटले गेले. म्हणे थकलेला पगार चुकवला! ग्लासगोत दंगे झाले. डमफ्रीजला तहाच्या कलमांची भरचौकात होळी झाली. सरदारांनी देश विकला, ही बोंब तेव्हापासून चालू आहे, आणि ती खोटी नाही.

पण ती अर्धीच खरी आहे. कारण ह्याच सरदारांनी शंभर वर्षे आधी आपला कामगार विकला होता. त्याची बोंब कुणी मारली?

१६०६ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने, इंग्रजांच्या नव्हे, स्वतःच्या पार्लमेंटने, एक कायदा केला. कोळसा खणणारा, कोळसा वाहणारा आणि मिठाच्या भट्टीवरचा मजूर ह्यांना जुन्या मालकाच्या दाखल्याशिवाय दुसऱ्याने कामावर घ्यायचे नाही. पळाला, तर वर्ष नि एक दिवसाच्या आत जुन्या मालकाने मागताच चोवीस तासांत परत करायचा. आणि उचल घेऊन पळालेला तो चोर! अहो, स्वतःचे दोन हात घेऊन गेलेला माणूस चोर? मग त्याला डांबणारा कोण?

एवढ्यावर भागले नाही. १६६१ साली दुसरा कायदा आला. नाताळ सोडून आठवड्याचे सहाही दिवस राबलेच पाहिजे. एक खाडा झाला की वीस शिलिंग दंड, तोही मालकाच्याच खिशात, वर अंगावर शिक्षा वेगळी. खाण विकली की यंत्रसामानाबरोबर माणसेही नव्या मालकाकडे जायची. पोराच्या बाप्तिस्म्याला मालकाने बापाच्या हातावर चार नाणी ठेवली, की ते तान्हे पोरही खाणीला बांधले गेले. बायका-पोरी पाठीवर कोळसा घेऊन अंधारातून वर चढायच्या.

१७०१ साली विनाचौकशी तुरुंगात डांबण्याविरुद्ध कायदा झाला. केवढे स्वातंत्र्य! पण त्यातच लिहून ठेवले की, हा कायदा कोळसेवाल्यांना आणि मीठवाल्यांना लागू नाही.

कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. साफ खोटे! इंग्लंडच्या कोळसा खाणीत मजुराला जन्मभर बांधणारा असा कायदा नव्हता. हा खास घरचा माल होता.

आता देशभक्तांचे पाहू. सॉल्टूनचा अँड्र्यू फ्लेचर हा तहाचा कट्टर विरोधक. इंग्लंडपुढे मान न वाकवणारा म्हणून त्याचे नाव आजही आदराने घेतात. पण १६९८ साली, दुष्काळात लाखो लोक भीक मागत हिंडत होते, तेव्हा ह्याच फ्लेचरने तोडगा काय सुचवला? ह्या गरिबांना श्रीमंतांच्या घरी सक्तीचे नोकर म्हणून वाटून द्या! देश स्वतंत्र पाहिजे आणि देशातला गरीब मात्र बांधलेला पाहिजे. वा रे न्याय!

आणि १७०७ च्या तहात? विसाव्या कलमात सरदारांचे वंशपरंपरागत अधिकार मालमत्ता म्हणून शाबूत ठेवले. खाणीतल्या माणसाच्या सुटकेला एक ओळही मिळाली नाही. राजधानी बदलली, मालक तेच राहिले.

मग बेडी तुटली कधी? १७७५ साली पहिला कायदा झाला, तोही दयेपोटी नव्हे. नव्या खाणींना माणसे मिळेनात म्हणून! त्यातही मेख होतीच. आधीपासून बांधलेल्यांनी वयाप्रमाणे तीन ते दहा वर्षे आणखी राबायचे, मग कोर्टाची पायरी चढायची. आणि मालकाविरुद्ध जूट केलीत तर आणखी दोन वर्षे. पाहिलेत? तुमच्या एकीची धास्ती तेव्हापासूनची आहे! खरी सुटका १७९९ साली झाली. एकशे त्र्याण्णव वर्षे!

तरी त्या अंधारातल्या माणसांची माणुसकी मेली नव्हती. १७६९ साली फाइफ प्रांतातल्या वेमिस गावी डेव्हिड स्पेन्स हा वेस्ट इंडीजमधून आणलेला काळा गुलाम ‘मी स्वतंत्र आहे’ असे सांगून मालकाकडून निघाला. मालकाने कोर्टात खेचले. त्याच्या वकिलासाठी पदरचे पैसे कुणी काढले? तिथल्या कोळसेवाल्यांनी, मीठवाल्यांनी! ज्यांच्या स्वतःच्या गळ्यात फास, त्यांनी दुसऱ्याचा फास सोडवायला हात घातला. निकालाआधीच मालक मेला आणि डेव्हिड सुटला. फ्लेचरचे पुतळे उभारा खुशाल, पण देश कशाला म्हणतात ते ह्या माणसांना ठाऊक होते.

म्हणून, गड्यांनो, कुणी देशाच्या नावाने हाक मारली तर जरूर ओ द्या. पण एक प्रश्न तोंडावर विचारा : तुमच्या त्या देशात घाम गाळणाऱ्याची जागा कुठली? उत्तर साफ मिळेपर्यंत हटू नका. स्कॉटलंडच्या खाणकामगाराला हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. तुम्हांला आहे.