कर्जबाजाऱ्याची निष्ठा

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची कंत्राटे घेणाऱ्या कंपनीत सैनिकांच्या कुटुंबीयांची वैद्यकीय बिले संगणकावर चढविणारा कारकून कोणतेही लष्करी गुपित हाताळीत नाही. तरीही विश्वासार्हतेचा सरकारी निर्वाळा त्याला लागतो. आणि तो नाकारला जाण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे थकलेले कर्ज. २०१७ साली लागू झालेल्या नियमावलीचा युक्तिवाद असा की, ज्याला मिळकतीत भागविता येत नाही त्याच्या ठायी संयमाचा अभाव असू शकतो, आणि पैशासाठी तो गैरमार्गाला लागण्याचा धोका अधिक. कर्ज इस्पितळाचे की जुगाराचे, हा प्रश्न नंतरचा!

नोकरी गेली, आजारपण आले, घटस्फोट झाला, आणि तशाही स्थितीत माणूस जबाबदारीने वागला, तर कर्ज क्षम्य ठरू शकते, अशी तरतूद नियमांत आहे खरी. पण हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच. संशयाचा फायदा सरकारला. आरोपपत्राला २० दिवसांत उत्तर द्यावयाचे, त्यातच सुनावणी मागावयाची. न मागितल्यास कागदांवरूनच निकाल. वकील हवा तर स्वखर्चाने, म्हणजे कर्जाच्या खुलाशासाठी पुन्हा कर्ज. निकाल विरुद्ध गेल्यास १५ दिवसांत अपिलाची सूचना देता येते. परंतु अपील मंडळ नवा पुरावा पाहत नाही. दरम्यान फेडलेल्या हप्त्यांच्या पावत्या तेथे निरुपयोगी. न्यायाधीशाची चूक तेवढी दाखवावयाची.

सुनावणीचा हा तुटपुंजा हक्कदेखील आपखुशीने दिला गेलेला नाही. साक्षीदारांची उलटतपासणी न होऊ देता ग्रीन या अभियंत्याची रोजी हिरावली गेली होती. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा कोठे १९६० साली आयसेनहॉवर यांनी सुनावणीची पद्धत आदेशाने घालून दिली. पुढे १९८८ साली, नौदलाच्या तळावरील एका मजुराच्या खटल्यात, सुरक्षा-परवाना हा कोणाचाही हक्क नव्हे असे त्याच न्यायालयाने सांगून टाकले.

डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अंदाजपत्रकाच्या भांडणापायी अमेरिकी सरकारने सुमारे ८ लाख नोकरांचा पगार ३५ दिवस अडवून धरला. त्या काळात चुकलेला हप्ता कोणाच्या विश्वासार्हतेच्या खात्यावर मांडावयाचा? तेथील कामगार संघटनांनी हा प्रश्न पहिल्या उत्तराच्या वेळीच, स्वतःचे वकील देऊन, उभा केला पाहिजे. अपिलापर्यंत थांबल्यास फार उशीर झालेला असतो.