डबा कशाला, भाकरी आहे की!

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. कशासाठी, तर मुलाची प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर घ्यायला. "प्रीबायोटिक आहे म्हणे." किंमत ऐकून आम्ही गप्पच झालो. २०२० च्या करोनापासून 'इम्युनिटी' या शब्दावर काय काय खपतंय, देव जाणे!

मी बी. ए. झालेली बाई. पण डब्यावरचे घटक वाचता येतात. इन्युलिन! हे तर आपल्या कांद्या-लसणात असतं. असे तंतू आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हेच मुख्य इंधन. अस्तर धड असलं की नको ते आत झिरपत नाही, प्रतिकारपेशी उगाच भडकत नाहीत, दाह आटोक्यात राहतो. म्हणजे प्रतिकारशक्ती नुसती वाढवून भागत नाही, तिला आवरही लागतो. हे डब्यावर कुणी लिहीत नाही!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगितले, तेही अन्नातूनच. उसळ, ज्वारीची भाकरी, गवार, फ्रीजमध्ये ठेवलेला रात्रीचा भातसुद्धा यात आला. आणि आपण? कणकेचा कोंडा चाळून गाईला घालतो, पोराला मैद्याची बिस्किटं देतो.

मात्र भाकरीलाही लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी माणसांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना भरपूर तंतू दिले, काहींना दह्यासारखे आंबवलेले पदार्थ. रक्तातल्या दाहाच्या खुणा कमी झाल्या त्या आंबवलेलं खाणाऱ्यांच्या. तंतूवाल्यांच्या सरसकट नाहीत. तेव्हा भाकरीबरोबर ताक हवंच. आणि एकदम ढीगभर कडधान्यं खाल्लीत तर पोट फुगेल, सवय हळूहळू करायची.

कर्ज आम्ही दिलं नाही. मुलगा सारखा आजारी पडतो, तर आधी डॉक्टरांना दाखवा, त्या खर्चाला पैसे देऊ, असं ठरलं. ताई रागावल्या. "तुम्हाला सांगायला काय जातंय? तो उसळीला तोंड लावत नाही!" खरं होतं ते. पुढच्या बैठकीला बिस्किटांऐवजी मटकीची भेळ केली, कांदा-कोथिंबीर घालून. मुलालाही बोलावलं होतं. कांदा बाजूला काढून ठेवला त्याने, पण मटकी संपवली.