पायमोजे आणि मजुरी

थंडीचे दिवस जवळ आले कीं, भोर व वेल्हे या मावळपट्ट्यांतील स्त्रियांस लोकरीचें विणकाम शिकवावें, त्यांनीं घरबसल्या पायमोजे विणावे आणि चार पैसे मिळवावे, अशी सूचना कोणी ना कोणी सद्‌गृहस्थ करितोच. सूचना करणाराचा हेतु शुद्ध असतो याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु शुद्ध हेतूनें कोणाची चूल पेटत नाहीं. आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, आणि हिशेब हा त्यांचा नित्याचा विषय आहे. म्हणून या पायमोज्यांचा हिशेब आज त्यांच्यापुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हातानें मोजा विणणें हें काम वाटतें तितकें हलकें नाहीं. त्यास दोन्ही टोकांना अणी असलेल्या चार-पांच सुया लागतात. जाड लोकरीचा, मोठ्या माणसाच्या मापाचा मोजा घेतला तर सुमारें ४८ टाके तीन सुयांवर वांटून गोल जोडावे लागतात. प्रथम दोन सुलट, दोन उलट या क्रमानें ताणला जाणारा पट्टा होतो. मग पोटरीची नळी होते. नंतर निम्मे टाके बाजूस ठेवून उरलेल्यांवर टांचेची पट्टी विणावयाची, ती वळवून तिची वाटी करावयाची, पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलावयाचे, आणि वाढलेले टाके हळूहळू कमी करीत पुन्हां ४८ वर यावयाचें. शेवटीं बोटांपाशीं वीण निमुळती करून तोंड बंद करावयाचें. यांत टांच वळविणें हीच खरी परीक्षा. जिला ती वळवितां आली तिला मापांचें ज्ञान पुस्तकावांचून झालें, असें खुशाल समजावें. एवढें करून हातीं येतो तो एकच मोजा. दुसरा त्याच्याशीं तंतोतंत जुळावा लागतो.

अशा एका जोडास सुमारें १२,००० टाके पडतात. सरावलेला हात मिनिटास २० टाके घालील असें धरलें, तरी ६०० मिनिटें, म्हणजे दहा तास झाले. महाराष्ट्रांत २०२५-२६ सालीं रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसास ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरल्यास दहा तासांचे ३९० रुपये होतात. त्यांत लोकर, वाहतूक व दुकानदाराचा रास्त नफा मिळविला, तर सहाशें रुपयांच्या आंत हा जोड देतां येणार नाहीं असा आमचा अंदाज आहे. आणि बाजारांत कारखान्याचा जोड पन्नास रुपयांतही मिळतो! मग हातविणीचा जोड अडीचशें-तीनशेंस विकला जातो, तेव्हां तूट कोण सोसतो? लोकर विकणारा आपली किंमत सोडीत नाहीं, दुकानदार आपला नफा सोडीत नाहीं. तूट सोसते ती विणणारी. कारण तिचा वेळ ‘फावला’ आहे, असें आपण सर्वांनीं मिळून ठरवून टाकिलें आहे.

हा फावला वेळ आहे तरी कोठें? वेल्ह्याच्या, म्हणजे आतां ज्यास राजगड तालुका हें नांव मिळालें आहे त्या भागाच्या, डोंगरांतील बाई ज्येष्ठ-आषाढांत गुडघाभर चिखलांत उभी राहून भात लावते. त्या चिखलांत तिचा स्वतःचा पाय उघडाच असतो. पुढें कापणी, झोडणी. आणि बाराही महिने पाणी, सरपण, गुरें व पोरें आहेतच. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत कांहीं उसंत मिळते, ती तिनें श्रमांतून वांचविलेली असते. भाटघरचें धरण १९२८ च्या सुमारास पुरें झालें. त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं पूर्वेकडील रानें भिजवितें, आणि ज्यांच्या डोंगरावर तो पाऊस पडला ते उन्हाळ्यांत घागर घेऊन हिंडतात. डोंगराचें पाणी असें गेलें. डोंगरांतील बाईचे तासही तसेच फुकट जावे काय?

यंत्रापुढें हात टिकत नाहीं, ही गोष्ट कांहीं आजची नव्हे. १५८९ सालीं इंग्लंडांत विल्यम ली नांवाच्या पाद्र्यानें मोजे विणण्याचें यंत्र तयार केलें. हातविणीवर जगणारांच्या पोटावर पाय येईल म्हणून एलिझाबेथ राणीनें त्यास सनद नाकारली असें सांगतात. पण यंत्र कांहीं थांबलें नाहीं. आमच्याकडे ही विद्या एकोणिसाव्या शतकांत मिशनच्या व मुलींच्या शाळांतून आली. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं, आणि रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं १९०९ सालीं स्थापिलेल्या पुण्याच्या सेवासदनानें निराधार स्त्रियांच्या हातीं उद्योग दिले. ज्या काळीं स्त्रीनें कमावणें हेंच अनुचित मानलें जाई, त्या काळीं हें मोठें धैर्याचें काम होतें. परंतु तेव्हांचें धैर्य आज शंभर वर्षांनीं जसेंच्या तसें गिरविणें हें धैर्य नव्हे, तो आळस आहे.

कोणी म्हणेल, लोकर तरी आपल्या देशची आहे. तीही समजूत तपासून पाहिली पाहिजे. दख्खनी मेंढीची लोकर आंखूड व राठ असते. चिंचोक्याच्या खळीनें ताठ केलेल्या घोंगडीस ती उत्तम, पण नुसत्या कातडीस बोंचते. शिवाय या डोंगरांतील गवळी-धनगर मुख्यतः गाई-म्हशी पाळतात, मेंढ्या नव्हेत. दुकानांत ‘लोकर’ म्हणून जी स्वस्त लडी मिळते ती बहुधा कृत्रिम धाग्याची असते. खरी लोकर भिजली तरी ऊब राखते; तो गुण या धाग्यांत तितकासा नाहीं. ग्राहकानें ज्यादा पैसे मोजावे असें वाटत असेल, तर धागा कोणता हें त्यास प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

मग विणकाम सोडून द्यावें काय? मुळींच नाहीं. आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या, शाळेंत जाणाऱ्या लेंकराच्या पायांसाठीं जी विणते तिच्या मोज्याची किंमत बाजारांत ठरत नाहीं. त्या घरांत हिशेब घेऊन शिरण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ही विद्या शाळांतही यावी, आणि ती मुलग्यांसही शिकवावी. युरोपांत मोजे विणणारांचे संघ एके काळीं पुरुषांचेच होते. फ्रान्सच्या लांद प्रांतांतील मेंढपाळ उंच काठ्यांवर उभे राहून मेंढ्या राखतां राखतां मोजे विणीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकावें असें सुचविलें आहे. त्या दहा दिवसांत भोरच्या मुलानें एक टांच वळवून पाहावी. पुढें जन्मभर तो आईच्या कामास ‘फावलें’ म्हणणार नाहीं.

परंतु उपजीविका म्हणून ज्यांस हें काम सांगावयाचें, त्यांस आधीं गिऱ्हाईक दाखवा, मग सुया द्या. राजगड व तोरणा पाहण्यास दरसाल हजारों लोक येतात. शेंकडों रुपयांचे जोडे घालणारांस सहाशें-सातशेंचा खऱ्या लोकरीचा मोजा अगदींच परवडणार नाहीं असें नाहीं. भोर-वेल्ह्याच्या व्यापाऱ्यांनीं आगाऊ मागणी नोंदवावी, मजुरी तासांवर द्यावी, ती माल विकण्याची वाट न पाहतां द्यावी, आणि प्रत्येक जोडास लावलेल्या चिठ्ठीवर धागा व विणणारीचे तास लिहावे. इतकें करून गिऱ्हाईक मिळालें नाहीं तर तसें उघड सांगावें, आणि त्या बायकांस दुसरा, अधिक पैशांचा उद्योग शिकवावा. त्यांत कमीपणा कसला?

येत्या थंडींत जे कोणी असा वर्ग काढतील त्यांस आमची एकच विनंती आहे. उद्‌घाटनाच्या पत्रिकेवर पाहुण्यांच्या नांवांबरोबर दोन आंकडे छापावे: एका जोडास लागणारे तास, आणि तासाची मजुरी. ते छापण्याचा संकोच वाटत असेल, तर वर्ग न काढणेंच बरें.